दादांचा बंद फोन देवासच्या वाय-फायवर

भूतखेत, अंगात येणं, करणी यातलं मी आयुष्यात काही मानलं नाही, हे आधीच सांगून टाकते. देवासला टेकडीच्या पायथ्याशी घर आहे, नवरात्रात वर जाऊन देवीला नमस्कार करते... बस, तेवढंच. इथल्याच एका कारखान्यात मी नेटवर्क सांभाळते. माझ्या कामात ‘आपोआप झालं’ असं काही नसतं. कुणीतरी वायर ओढलेली असते, कुणीतरी सेटिंग बदललेली असते, आणि शोधलं की सापडतंच. म्हणूनच हे लिहायला मला इतका वेळ लागला. शाळा सगळी हिंदीत झाली, त्यामुळे मध्येच हिंदी डोकावली तर चालवून घ्या. आमच्याकडे मराठी आता बोलण्यापुरती आणि देवघरापुरती उरली आहे.

माझं माहेर धारचं. वडिलांना आम्ही दादा म्हणतो. कृषी विभागात होते, त्यामुळे सगळी नोकरी जीपमध्ये आणि दौऱ्यावर गेली. माझा जन्म झाला तेव्हा पोस्टिंग सतवासला होतं. रिटायर झाल्यावर त्यांनी मांडू रोडला छोटंसं घर बांधलं. मी एकुलती एक, लग्न होऊन देवासला आले. धारला दादा आणि आई, दोघंच.

काही वर्षांपूर्वी दादांना विसरण्याचा आजार सुरू झाला. आधी चष्मा, मग माणसांची नावं, मग जेवलो की नाही तेही. पण खरा घोर त्यांच्या चालण्याचा होता. मधूनच उठायचे, बुशशर्ट चढवायचे, खांद्याला झोळी अडकवायचे आणि आईला सांगायचे, “दौऱ्यावर निघतो. जीप आली का?” एकदा दुधवाल्याला ते किल्ल्याच्या रस्त्यावर सापडले. पायात चप्पल नव्हती. त्यानं बाइकवर बसवून घरी आणलं. त्या दिवशी आई फोनवर बोलली नाही, नुसती रडली.

म्हणून मी सुट्टी काढून धारला गेले आणि घराला कॅमेरे बसवले. फाटकावर एक, ओसरीत एक, हॉलमध्ये एक. पण कॅमेरे म्हटले की दुसरी भीती... आपल्या आईवडिलांना घरात वावरताना भलताच कुणी बघत बसला तर? त्यामुळे नुसता राऊटर नको म्हटलं, एक छोटा फायरवॉल पण घेतला. देवासला माझ्या घरी तसाच होता, त्याच्याच सेटिंग्ज इथे उतरवल्या. वाय-फायचं नाव आणि पासवर्डसुद्धा दोन्ही घरी एकच ठेवला, म्हणजे येता-जाता टाइप करायला नको. नियम कडक होता. ज्या मशीनला मी स्वतः कायमचा पत्ता दिलाय – म्हणजे स्टॅटिक आयपी – तेवढंच आत. बाकी कुणी आलं तर अडवायचं आणि माझ्या मोबाइलवर निरोप पाठवायचा.

आई पदराला हात पुसत बघत होती. “हा डबा काय करतो गं?”

“चौकीदार आहे, आई. ओळखीचा असेल त्यालाच आत सोडतो.”

“आणि रात्रभर असाच डोळे मिचकावणार का? मला झोप कशी लागेल?”

दादा खुर्चीत बसून सगळं पाहत होते. त्या दिवशी ते बरे होते. मी त्यांच्यासाठी धारच्याच दुकानातून एक मोबाइल आणला होता, तो कापडी पिशवीत घालून गळ्यात अडकवायचा. मोबाइल घराच्या वाय-फायबाहेर गेला की आईला आणि मला लगेच सूचना. आजकालचे मोबाइल वाय-फायला दाखवायची आपली ओळख बदलत राहतात, ते मी बंद केलं. त्या मोबाइलचं नावच ‘दादा’ ठेवलं आणि त्याला पक्का पत्ता दिला.

“मला कोणता नंबर दिलास?” दादांनी विचारलं.

“पन्नास.”

“सरकारी क्वार्टर दिसतंय.”

“हो दादा. पण याची बदली होत नाही.”

ते मनापासून हसले. आईसुद्धा हसली. किती दिवसांनी ते घर हसलं असेल...

ही व्यवस्था छान चालली. दादा फाटकाबाहेर पडले की आईचा मोबाइल वाजायचा, आई हाका मारायची, समोरचे चौहान धावायचे. दर वेळी कोपऱ्याच्या आतच सापडायचे.

मग उन्हाळा आला. माळव्याचा उन्हाळा ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको – दुपारी रस्त्यावर कुत्रं दिसत नाही. त्या दिवशी मी घरूनच काम करत होते. माझा नवरा, मिलिंद, जेवायला घरी आला होता. सकाळीच आमच्या फाटकाची कडी तुटली होती. वेल्डिंगवाला ‘कल आता हूँ भिया’ म्हणून मोकळा झाला. तोवर फाटक उघडं राहू नये म्हणून मिलिंदनं हाताला लागेल ते घेतलं, आणि हाताला लागली माझ्या जुन्या परकराची लाल नाडी. तीच फाटकाला बांधून टाकली. मी त्याला म्हटलंही, “कुणी पाहिलं तर काय म्हणेल?”

जेवण झालं. मी लॅपटॉपपुढे बसले आणि मोबाइलवर निरोप आला.

‘दादा’ जोडू पाहत आहे. अडवले.

धार आणि देवास, दोन्ही घरं मला एकाच ॲपवर दिसतात. त्यामुळे आधी वाटलं की धारचंच काहीतरी असेल. पण तिथे ‘दादा’ला अडवायचं कारण काय? त्याला तर मीच पत्ता दिलेला. नीट पाहिलं... निरोप देवासचा होता. माझ्या घराचा.

पुन्हा आला. ‘दादा’ जोडू पाहत आहे. अडवले.

मग पुन्हा.

फाटकावरच्या कॅमेऱ्यापर्यंत सिग्नल नीट जावा म्हणून मी बाहेर पोर्चमध्ये वाय-फायचं एक वेगळं उपकरण लावलंय. विनंती त्यातूनच येत होती, आणि सिग्नल इतका जोरदार होता की तो मोबाइल फाटकाशीच असायला हवा. मी कॅमेरा उघडला. रिकामी गल्ली, पांढरं ऊन, आणि फाटकावर लाल नाडी. दुसरं काही नाही.

मला आधी आनंदच झाला, खरं सांगते. वाटलं, आईनं गाडी केली आणि न सांगता दोघं आले! पडदा सारून धावत बाहेर गेले. फाटकाशी कुणी नव्हतं. समोरच्या काकू सज्जात बटाट्याचे वेफर वाळत घालत होत्या. मी विचारलं, “काकू, कुणी आलं होतं का इथे?”

“नाही गं. मी मघापासून इथेच आहे. चिडिया पण नाही फिरकली.”

मी तिथेच उभी होते आणि हातातला मोबाइल वाजला. आई.

“अगं, दादा घरात नाहीयेत!” तिचा श्वास लागला होता. “मी जरा पडले होते. सगळीकडे पाहिलं, चौहान गाडी घेऊन गेलेत...”

“आई, तुला सूचना कशी नाही आली? मोबाइल आहे ना त्यांच्या गळ्यात?”

“मोबाइल कुठला? तो फुगला होता ना मागून, बॅटरी. मला भीती वाटली, कालच बंद करून कपाटात ठेवलाय. तुला आज सांगणारच होते.” काल दादा वाय-फायबाहेर गेल्याची सूचना मलाही आली होती, पण मी ती नेहमीची कोपऱ्यापर्यंतची फेरी समजले होते.

“आई, कपाटात बघ. आत्ता बघ.”

कपाट उघडल्याचा आवाज आला. “आहे की. इथेच आहे. बंदच आहे.”

मी आत धावले आणि मिलिंदला हाक मारली.

मिलिंदनं गाडी काढली. इंदूरच्या बायपासवर मी आईला सारखी फोन करत होते. मनात एकच – हे ऊन, आणि पासष्टी केव्हाच ओलांडलेला माणूस पाण्याशिवाय कुठे फिरत असेल? आम्ही इंदूर मागे टाकलं आणि चौहानांचा फोन आला. “मिल गए दीदी! बाबूजी बस स्टैंड के पास हैं, गन्ने के रस वाली दुकान पे. ठीक हैं. ले जा रहा हूँ घर.”

मी गाडीतच रडले.

धारला पोचलो तेव्हा दादा हॉलमध्ये खुर्चीत बसले होते. आईनं त्यांचे पाय घमेल्यात गार पाण्यात ठेवले होते. चेहरा उन्हानं लाल झालेला, पण बाकी ठीक. मी जवळ जाऊन जमिनीवर बसले. म्हटलं, “दादा, कुठे गेला होतात?”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग होता... लहानपणी मी उशिरा घरी आले की असायचा, तसाच.

“तुझ्याकडेच आलो होतो. किती वेळ उभा राहिलो फाटकाशी. दार उघडलं नाहीस.”

आई म्हणाली, “अहो, तुम्ही बस स्टँडवर होतात.”

“तू गप. हिच्याकडे होतो मी.” आणि मग मला, आवाज खाली करून, “फाटकाला नाडी कशाला बांधलीय? चार लोकांनी पाहिलं तर काय म्हणतील?”

माझ्यामागे मिलिंद उभा होता. त्याच्या हातातली किल्ली खाली पडली.

ती नाडी सकाळी बांधली होती. धारला ते कुणालाच माहीत नव्हतं. आईला मी पुन्हा पुन्हा विचारलं, “मी फोनवर तुला काही म्हटलं का? चुकून?” ती देवाची शपथ घेऊन नाही म्हणाली. आणि मला पण आठवतंय, त्या दिवशी सकाळी आमचं बोलणंच झालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी त्या रसाच्या दुकानावर गेले. दुकानदाराचे आभार मानायचे होते... आणि विचारायचंही होतं.

“बा साब तो दोपहर से यहीं बैठे थे,” तो म्हणाला. “मैंने पूछा, कहाँ जाना है? बोले, देवास, बिटिया के घर. मैंने कहा, बैठो, बस आएगी तो बता दूँगा. फिर आँख लग गई उनकी. दीदी, सच बोलूँ, मैं तो डर गया था. हाथ लगाया तो बर्फ जैसे ठंडे. ऐसी गर्मी में! पानी के छींटे मारे, हिलाया, कुछ नहीं. फिर अपने आप उठे और बोले – घर बंद है.”

“ये कब की बात है, भिया?”

त्यानं सांगितलं. त्याचा मुलगा शाळेतून आला तेव्हा. हिशेब केला तर तेव्हाच मी देवासला फाटकाशी उभी होते.

कामावर माझ्यासोबत एक जुने, फार हुशार सहकारी आहेत. त्यांना मी सगळं दाखवलं. ते म्हणाले, “तू सेटिंग्ज एका घरातून दुसऱ्या घरात नेल्यास. कुठेतरी जुनी नोंद अडकली असेल.” मीही आधी तेच धरलं होतं. पण सेटिंग्ज देवासहून धारला गेल्या होत्या, धारहून देवासला काही आलं नव्हतं. दादांचा मोबाइल त्याच्यानंतर घेतलेला, तो देवासला कधी आलाच नव्हता. आणि नुसत्या नोंदीला सिग्नल नसतो. “मग दुसऱ्या कुणाच्या मोबाइलची वाय-फायवरची ओळख योगायोगानं तीच असेल,” ते म्हणाले. असेल. त्याचं नावही ‘दादा’ असेल? आमचा पासवर्डही त्याला माहीत असेल? नाडीचं मी त्यांना सांगितलंच नाही.

फुगलेली बॅटरी धारच्या दुकानात काढून टाकली. मोबाइलचा सांगाडा आईच्या कपाटात राहिला. दादांना नवीन मोबाइल घेतला, त्याची ओळख वेगळी, नाव वेगळं. पण मी एक गोष्ट केली. देवासच्या फायरवॉलमध्ये जुन्या ‘दादा’ला, आला-गेला की निरोप यावा अशी सोय करून, कायमचा पत्ता दिला. पन्नासच. मिलिंदला सांगितलं की परत आलं तर तपासता येईल, अडवलं तर काही कळणार नाही. तो म्हणाला, “खरं कारण सांग.” मी सांगितलं नाही. त्यालाही ते ठाऊक होतं.

त्यानंतर दादा कधी घराबाहेर पडले नाहीत. दौऱ्याचं नाव काढलं नाही. दुपारी खुर्चीत डोळे मिटून बसायचे. आई म्हणायची, “शांत झालेत गं. पण कधी कधी हाक मारली तरी ऐकू जात नाही, फार लांब असल्यासारखे वाटतात.”

पावसाळा संपत आला होता. एका दुपारी मी घरी एकटीच होते. मोबाइलवर निरोप आला.

‘दादा’ जोडले गेले.

या वेळी मी कॅमेरा पाहिला नाही. का ते सांगता येणार नाही. पाय स्वयंपाकघराकडे वळले. दोन कप चहा टाकला. पुढचं दार सताड उघडलं आणि उंबरठ्याच्या आत उभी राहून म्हणाले, “या, दादा.”



बाहेर काही नव्हतं. गल्लीत एक भाजीची गाडी गेली. मी आत येऊन बसले, एक कप समोरच्या खुर्चीपुढे ठेवला. पंखा फिरत होता. सांगण्यासारखं काहीच घडलं नाही – सावली नाही, वास नाही, थंड वारा नाही. फक्त असं वाटत राहिलं की आता उठून इकडेतिकडे करणं बरं दिसणार नाही. घरी वडीलधारं माणूस आलं की आपण जसे सावरून बसतो, तसं.

मी आईला फोन लावला. हळूच विचारलं, “दादा काय करतायत?”

“खुर्चीत झोपलेत. बरं झालं तू फोन केलास, मला काळजीच वाटतेय. हात बघ किती गार पडलेत... श्वास तर चालू आहे. उठवते मी आता.”

“नको!” मी इतक्या जोरात म्हटलं की ती दचकली. “आई, उठवू नकोस. शाल घाल अंगावर. आणि नुसती जवळ बस.”

“काय झालं काय?”

“काही नाही. तू बस. फोन ठेवू नकोस.”

आम्ही दोघी तशाच बसलो, ती धारला, मी देवासला, कानाला फोन लावून. आई रामरक्षा पुटपुटत होती. मला ती अख्खी पाठ नाही, तिचे शब्द ऐकून मी मनात म्हणत होते. किती वेळ गेला, ठाऊक नाही. चहावर साय धरली.

मग मोबाइल थरथरला. ‘दादा’ गेले.

आणि फोनमधून आईचा आवाज, “अगं, उठले! उठले बघ. अहो, बरं वाटतंय ना? पाणी देऊ?... काय म्हणता?”

“काय म्हणतायत?”

“काहीतरीच. म्हणतायत, चहा चांगला होता, पण पोरीनं साखर घातली नव्हती.”

दादांना मधुमेह. त्यांच्या कपात मी साखर कधीच घालत नाही. त्या दिवशीही घातली नव्हती.

आईला मी ते तेव्हा सांगितलं नाही. पुढच्या वेळी धारला गेले तेव्हा सांगितलं. ती घाबरेल असं वाटलं होतं, पण ती नुसती ऐकत राहिली. मग उठून कपाटातला तो मेलेला मोबाइल तिनं काढला, पदरानं पुसला आणि परत ठेवला.

दादा त्याच वर्षीच्या थंडीत गेले. घरीच, आपल्या पलंगावर. मी शेजारी होते, हात माझ्या हातात होता. शेवटी शेवटी त्यांनी मला ओळखलंही नाही. तेरा दिवस झाले, आम्ही देवासला परतलो, आईला सोबत आणलं. पन्नास नंबर मी काढला नाही. मन वेडं असतं... कित्येक दुपारी घरी थांबून मी त्या स्क्रीनकडे बघत बसले. काही आलं नाही. आजपर्यंत काही आलेलं नाही.

हे ज्यांना ज्यांना सांगितलं ते म्हणतात, आत्मा होता. एका भटजींनी शांत करायला सांगितलं. पण मी दादांना काय शांत करू? आले तेव्हा ते जिवंत होते, खुर्चीत बसून श्वास घेत होते. गेल्यानंतर तर कुणीच आलं नाही. तांत्रिक कारण मी अजून शोधते आहे. इथल्या कुणाला सुचलं तर जरूर लिहा, मी खरंच ऐकेन.

परवा शेजारच्या बाई आईला म्हणाल्या, “माणूस गेल्यावर कुठे जातो, कुणाला कळलंय?” आई गवारीच्या शेंगा मोडत होती. मान वर न करता म्हणाली, “गेल्यावरचं राहू द्या हो. माझ्या डोळ्यांसमोर खुर्चीत बसून हे रोज कुठे जात होते, ते कुणीतरी मला सांगा.”